आमचा रस नापास झाला

डाळिंबाला मी भितो, ही गोष्ट मी आजवर ऑफिसात कुणाला सांगितलेली नाही. मी विमा कंपनीत दावे तपासतो. जगात काय काय बिघडू शकतं याचे कागद शिपाई रोज सकाळी माझ्या टेबलावर आणून आदळतो. कुणाचं गोदाम जळालेलं असतं, कुणाच्या गाडीवर झाड पडलेलं असतं. एका गृहस्थाचा पाय तर बूट घालताना मोडला होता आणि त्याचा एक्स-रे मी स्वतः पाहिला आहे. तेव्हा माझी भीती ही अडाणी माणसाची भीती नाही. ती पुराव्यांसह आलेली, सहीशिक्क्याची भीती आहे. तरीही फळांना भिण्याची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. ती माझ्या बायकोमुळे आली.

सुरुवात अगदी निरुपद्रवी होती. बहुतेक दाव्यांच्या कागदांत पहिलं वाक्य असंच असतं. माझी बायको आणि माझी वहिनी, म्हणजे जहाजावर नोकरीला असलेल्या थोरल्या भावाची बायको, या दोघींनी मिळून डाळिंबाचा रस विकायला काढला. आम्ही सगळे एकाच घरात राहतो, आईला धरून चौघं. वहिनी सकाळी बाजारातून डाळिंबं आणायची, दाणे सोडवायची, ते हाताने दाबायच्या यंत्रात घालून रस काढायची आणि तो मोठ्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवायची. संध्याकाळी बायको बाटल्या उकळून, पुसून, त्यात तो रस भरायची. मधल्या वेळात बरणी फ्रिजमध्ये एकटी असायची. हे आत्ता लक्षात आणून देण्याचं कारण एवढंच, की त्या वेळी ते आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

मग एका मोठ्या रुग्णालयाच्या उपाहारगृहाने रोजच्या रसाची मागणी देऊ केली. अट एकच होती. सरकारमान्य प्रयोगशाळेचा दाखला हवा, की हा रस निव्वळ डाळिंबाचा आहे, त्यात साखर नाही, पाणी नाही, रंग नाही, दुसरं फळ नाही. बायको त्या दिवशी धड जेवली नाही. मला वाटलं काळजीने, पण जेवण गेलं नव्हतं ते आनंदाने.

"या घरात माझ्या नावाचं काय आहे सांगा," ती मला म्हणाली. "लाइट तुमच्या नावावर, गॅस आईंच्या नावावर, फोन भाऊजींच्या नावावर. बाटलीवर माझं आणि ताईंचं नाव येणार आहे. हे जर हुकलं ना, तर मी पुन्हा काही करायला जाणार नाही."

हे तिने अगदी साध्या आवाजात सांगितलं, म्हणून मी जास्त घाबरलो. ती ओरडून बोलते तेव्हा त्यातलं निम्मं सोडून द्यायचं असतं. आणि मग तिने नमुन्याच्या दोन बाटल्या प्रयोगशाळेत पोचवायचं काम माझ्यावर सोपवलं, कारण मला कागदांची सवय आहे. आई बाल्कनीतून म्हणाली, "रस कसला तपासायचा? रस प्यायचा असतो." पण आईच्या बोलण्याला उत्तर द्यायची आमच्या घरात पद्धत नाही. कुणाची छातीच होत नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त विज्ञानशिक्षक राहतात. सगळी सोसायटी त्यांना मागून सूक्ष्मदर्शक म्हणते, कारण ते कुठल्याही गोष्टीत डोळा घालून बसतात. मी जिना उतरत असताना त्यांनी मला अडवलं.

"रस तपासायला देताय म्हणे. साखर घातली असेल तर कळतं हो."

"घातलेली नाही."

"तरी कळतं. साखर उसाची की झाडाची, हे तिच्या कार्बनवरून ओळखतात. पाणी घातलं असेल तर ऑक्सिजनवरून कळतं, की हे पाणी झाडाने मुळांतून ओढलंय की माणसाने नळातून ओतलंय. सफरचंद घातलं की सॉर्बिटॉल सापडतं. द्राक्ष घातलं की टार्टारिक आम्ल. लपायला जागाच नाही."

"आम्हाला लपायचंच नाहीये, सर."

"सुरुवातीला सगळे असंच म्हणतात," ते म्हणाले. मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मुख्य म्हणजे ऊन लागू देऊ नका. ऊन लागलं की रस आंबतो. आंबला की मद्यार्क. मद्यार्क सापडला की तो कायद्याने रस राहत नाही. परवान्याशिवाय दारू घेऊन बसने जाणारा माणूस, असं तुमचं चित्र होईल."

माझ्या पाचावर धारण बसली. मी घरी परत जाऊन पिशवीत बर्फ भरला. तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या काकू आल्या. काच काचेवर आपटू नये म्हणून त्यांनी आपल्या मिस्टरांचा पांढरा स्वेटर आणून दिला आणि बाटल्या त्यात गुंडाळा म्हणाल्या. लोकर गारवा धरून ठेवते म्हणे. मी विचार केला, इतकी माणसं इतक्या मनापासून मदत करतायत, म्हणजे काहीतरी वाईट होणार हे नक्की.

बसमध्ये मी पिशवी मांडीवर घेऊन बसलो. बस एका चौकात करकचून थांबली, पुढच्या आसनाच्या दांडीवर पिशवी आदळली आणि आतून बारीकसा आवाज आला. आवाज इतका लहान होता, की मी तो ऐकलाच नाही असं ठरवता आलं असतं. पण थोड्या वेळाने माझ्या गुडघ्यावरून लाल थेंब खाली पडायला लागले. बर्फाचं पाणी, रस आणि लोकर यांचं मिळून जे काही तयार झालं होतं ते ठिबकत ठिबकत शेजारच्या बाईंच्या चपलेपाशी पोचलं. बाईंनी पाय वर घेतले. वाहक आला.

"काय आहे पिशवीत?"

"नमुना," मी म्हणालो. याहून वाईट शब्द मला शोधून सापडला नसता. "प्रयोगशाळेत नेतोय."

"कुणाचा?"

"बायकोचा. म्हणजे बायकोने काढलेला."

माझ्या आजूबाजूची दोन्ही आसनं रिकामी झाली. उरलेला प्रवास मी ऐसपैस केला, पण त्याचा आनंद घेण्याची मनःस्थिती नव्हती. उतरून पाहिलं तर एक बाटली धड होती. दुसरीचा फक्त गळा उरला होता आणि काकूंच्या मिस्टरांचा स्वेटर शेंदरी झाला होता.

प्रयोगशाळेच्या खिडकीत बसलेले कारकून चांगले होते. म्हणजे माझ्याच जातीचे होते, नियम पाळणारे.

"दोन बाटल्या लागतात. एक तपासायला, एक राखीव."

"एकच पोचली आहे."

"मग तो अर्धा नमुना झाला. अर्धा नमुना घेता येत नाही."

"उद्या दुसरी आणतो."

"उद्यापासून यंत्रांची देखभाल आहे, आधी आलेले नमुने तेवढे तपासणार, खिडकी बंद. पुढच्या महिन्यात या."

पुढच्या महिन्यात रुग्णालयाची मुदत संपलेली असणार होती. मी डोळे मिटून घरी जाऊन हे सांगण्याचा प्रसंग पाहिला. बायकोचा साधा आवाज ऐकला. मग माझे पाय मला न विचारता बाहेर पडले. रस्त्याच्या पलीकडे एक रसवाला गाडी लावून उभा होता आणि त्याच्या फळांच्या ढिगात डाळिंबं होती. पुढचं जे झालं ते मी केलं असं म्हणण्यापेक्षा ते माझ्या भीतीने केलं, असं मी दाव्याच्या कागदावर लिहिलं असतं. अर्थात तो दावा मीच फेटाळला असता.

"डाळिंब. निव्वळ. साखर नको, मीठ नको, बर्फ नको, पाणी नको. आणि बाटलीत द्या."

रसवाल्याने हातातलं काम थांबवलं. "पेशंटसाठी का?"

"हो," मी म्हणालो. रुग्णालयाचाच विषय होता, त्यामुळे हे काही अगदीच खोटं नव्हतं. त्याने माझ्याकडे कीव करून पाहिलं आणि एक बसकी बाटली विसळून, झटकून, भरून दिली. आमची बाटली उंच होती. रंगही याचा जरा फिका वाटला. पण माझे डोळेच त्या वेळी भरवशाचे नव्हते.

"एक उंच, एक बसकी?" कारकुनांनी विचारलं.

"घरगुती उद्योग आहे," मी म्हणालो.

त्यांनी एक कागद पुढे केला. दोन्ही बाटल्यांतला रस एकाच वेळी एकाच भांड्यातून घेतला असल्याचं त्यावर छापलेलं होतं आणि खाली माझी सही हवी होती. माझा हात इतका कापला, की सही दुसऱ्याच कुणाची तरी झाली. कारकून म्हणाले, ही ओळखपत्रावरच्या सहीशी जुळत नाही, पुन्हा करा. खोट्या मजकुराखाली मी मन लावून खरी सही केली. बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवून ते आत घेऊन निघाले, तेव्हा मी विचारलं, "यातली तपासणार कुठली?"

"हाताला येईल ती."

घरी जाऊन मी सांगितलं, सगळं व्यवस्थित झालं. बायकोने मला चहाबरोबर न मागता बिस्किटं दिली. काकूंना मी सांगितलं, स्वेटर धुवायला टाकलाय. एका दिवसात माझ्या नावावर इतकी असत्यं जमा झाली, की ती सांभाळायला वेगळा माणूस ठेवावा लागला असता.

त्यानंतर मला सगळीकडे लाल दिसायला लागलं. ऑफिसातली लाल शाईची बाटली मी खणात बंद करून टाकली. गाडीवाल्याने रस चोख दिला असेल, की त्यात रात्रीचं उरलेलं काहीतरी ढकललं असेल? त्याने पिळलेला मी पाहिला होता, पण गाडीच्या खाली काय होतं ते पाहिलं नव्हतं. शेवटी एक दिवस अर्धी रजा टाकून मी नमुना परत मागायला गेलो. यंत्रांची देखभाल चालू असली तरी परत मागणाऱ्यांची खिडकी वेगळी होती आणि ती, माझ्या दुर्दैवाने, उघडी होती.

"अर्ज करा. कारण लिहा," तिथल्या बाई म्हणाल्या.

"काय कारणं चालतात?"

"उद्योग बंद पडला. भागीदारी मोडली. अर्जदार मयत झाला."

मी खूप विचार केला. पत्नीची भीती हे कारण त्यांच्याकडे नव्हतं, आणि बाकीची तिन्ही थोड्याच दिवसांत आपोआप खरी होतील अशी लक्षणं होती. म्हणून मी अर्ज न करताच परत आलो.

निकाल फोनवर आला आणि तो बायकोने घेतला. मी संध्याकाळी घरात पाऊल टाकलं तेव्हा स्वयंपाकघरात शांतता होती. आमच्या घरात भांडी आपटली जातात तोवर सगळं सुखरूप असतं. भांडी हळू ठेवली जाऊ लागली, की माणसाने घाबरावं. बायको ओट्याच्या एका टोकाला होती, वहिनी दुसऱ्या टोकाला, आणि दोघी भांडी अशी ठेवत होत्या की खाली कुणी बाळ झोपलं असावं.

"नापास," बायको म्हणाली. "रसात द्राक्षं आहेत म्हणे."

"मी बाजारातून डाळिंबं आणते," वहिनी माझ्याकडे बघून म्हणाली. ती हे बायकोला सांगत होती. "डाळिंबं मोजून आणते, मोजून सोलते. बरणीत भरेपर्यंत माझी जबाबदारी."

"मी बाटल्या भरते," बायको म्हणाली. तीही माझ्याकडेच बघत होती. "बरणीत असतं ते भरते."

दोघींच्या मध्ये मी उभा होतो. लग्न होऊन या घरात आल्यापासून या दोघी एकाच कढईत हात घालत आल्या होत्या. आईच्या धाकात दोघींनी मिळून दिवस काढले होते, एकीला बोलणी बसली की दुसरी कांदा चिरायला घ्यायची, म्हणजे दोघींच्या डोळ्यांतलं पाणी एकाच खात्यात जमा व्हायचं. आणि आता बायको म्हणाली, "उद्यापासून यंत्र ताईंचं ताईंना राहू दे. माझ्या बाटल्या मी घेते." वहिनीने हातातला पेला फारच हळू ठेवला.

माझं धाबं दणाणलं. मागणी तर गेलीच होती, आता घर जात होतं, आणि तेही माझ्या बसक्या बाटलीपायी. गाडीवाल्याने द्राक्षं मिसळली होती आणि शिक्षा या दोघी भोगत होत्या. मी आयुष्यात फार वेळा धैर्य दाखवलेलं नाही. ते कसं दाखवतात याची मला नीट माहितीही नाही. माझ्या बाबतीत असं झालं, की गप्प राहण्याची भीती बोलण्याच्या भीतीपेक्षा एका सुताने मोठी झाली.

"तो रस आपला नव्हता," मी म्हणालो.

मग मी सगळं सांगितलं. बर्फ, चौक, बाटलीचा गळा, स्वेटर, गाडीवाला, सही. सांगताना मी फ्रिजच्या दांड्याला धरून ठेवलं होतं. बायकोने सगळं ऐकून घेतलं.

"दोन बाटल्या," ती म्हणाली. "मी तुम्हाला हत्ती नव्हता दिला न्यायला. दोन बाटल्या दिल्या होत्या."

"हो."

"आणि मी ताईंना काय काय बोलले."

"बोललीस कुठे," वहिनी म्हणाली. "बोलली असतीस तर बरं झालं असतं." मग तिने नाक ओढलं, बायकोने पदराने डोळे टिपले, आणि दोघी एकदम माझ्यावर उलटल्या. ते सविस्तर सांगत नाही. त्यात माझ्या हस्तक्षेपाने आजवर बिघडलेल्या सगळ्या वस्तूंचा उल्लेख होता, त्यातल्या काही मी विसरलो होतो. पण भांडी आपटली जात होती आणि माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं प्रयोगशाळेत गेलो. बायको पुढे, वहिनी तिच्या बरोबरीने, आणि मी मागे, ताब्यात घेतलेल्या माणसासारखा. बायकोने कारकुनांना सांगितलं, की आमची खरी बाटली तपासा, ती उंच आहे. त्यांनी आतून तपासनीस बाईंना बोलावलं. त्या वयाने लहान होत्या, चष्मा कपाळावर सरकवलेला होता. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि आम्हाला आतल्या खोलीत नेलं. तिथे एक यंत्र मुंगीच्या पावलांनी कागदावर रेघ काढत होतं.

"आधी आम्ही एक थेंब या काचेवर ठेवून गोडी मोजतो," त्या म्हणाल्या. "ती बरोबर होती. साखर घातलेली नाही, पाणीही नाही. मग हे यंत्र रसातले रंग वेगळे करतं. प्रत्येक फळाचे रंग आपापल्या जागी उभे राहतात. हे डाळिंबाचे. आणि हे बघा, या जागी कुणी उभं राहायला नको होतं. हे काळ्या द्राक्षाचे आहेत. आम्लं तपासली तर टार्टारिकही निघालं, आणि चिमूटभर नव्हे, भरपूर निघालं. डाळिंबात ते असं नसतं."

"ती गाडीवाल्याची बाटली," बायको म्हणाली. "बसकी."

तपासनीस बाईंनी मांडणीवरून एक बाटली उचलली. ती उंच होती. तिच्यातला रस निम्मा झाला होता.

"तपासली ती ही," त्या म्हणाल्या. "बसकी अजून शीतकपाटात आहे."

मला काही क्षण कळलंच नाही, की मी सुटलो की अडकलो. बायकोच्या चेहऱ्यावरचा रंग मात्र कुठल्याच फळाचा राहिला नाही. तिने बसकी बाटलीही तपासायला लावली. आम्ही बाहेर बाकावर बसून राहिलो. बऱ्याच वेळाने बाई पुन्हा आल्या आणि म्हणाल्या, "ही अगदी चोख आहे. समोरच्या गाडीवरची ना? आम्ही सगळे तिथेच पितो."

म्हणजे मी कबूल केलेलं पाप खरं होतं, पण रस त्या पापामुळे नापास झाला नव्हता. गाडीवाला शुद्ध निघाला होता आणि आमचं घर नापास झालं होतं. वहिनी आणि बायको एकमेकींकडे बघायला लागल्या. मी घाईघाईने दोघींच्या मध्ये सरकलो, पण त्या भांडायला बघत नव्हत्या.

"ताई," बायको हळूच म्हणाली, "काळी द्राक्षं आपल्या घरात कुणासाठी येतात?"

"आईंसाठी," वहिनी म्हणाली. "दातांनी चाववत नाहीत म्हणून पिळून देते मी. मोठा पेला भरून. त्यातला निम्मा उरतोच त्यांच्याकडून."

"उरलेला कुठे जातो?"

आमच्या घरात उरलेलं काहीही टाकलं जात नाही. आईने आयुष्यात काही वाया जाऊ दिलेलं नाही. कालचं आजच्यात जातं, आजचं उद्याच्यात. लाल पेल्यातलं उरलेलं फ्रिजमधल्या लाल बरणीत जाणार, हे एखाद्या परक्या माणसालासुद्धा कळलं असतं. तपासनीस बाईंना तर आईला न भेटताच ते कळलं होतं.

परत येताना बसमध्ये आम्ही तिघं शेजारी बसलो आणि तिघंही सारखेच घाबरलेलो होतो. आईला हे सांगायचं कोणी? वहिनी म्हणाली, मी थोरली असले तरी सून आहे. बायको म्हणाली, मी तर धाकटी सून आहे. दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, मी मुलगा आहे, म्हणजे माझी परिस्थिती तर आणखी वाईट आहे. शेवटी असं ठरलं, की सांगायचंच नाही. नापास झालेल्यांना प्रयोगशाळा एकदा फेरतपासणीची संधी देते, खिडकी बंद असली तरी. तोवर आईच्या पेल्यात द्राक्षांचा रस उरणारच नाही याची व्यवस्था करायची. ती व्यवस्था मी होतो.

मी रोज ऑफिसातून आलो की आईजवळ बसायचो आणि तिचं लक्ष नाही असं पाहून उरलेला पेला रिकामा करायचो. सूक्ष्मदर्शकांनी मला बाल्कनीत हे करताना खालून पाहिलं आणि सोसायटीत बातमी पसरली, की मी म्हाताऱ्या आईच्या तोंडचा घास काढतो. मी खुलासा केला नाही. दरम्यान काकूंचा स्वेटर तीनदा धुऊन गुलाबी झाला होता आणि तो परत करायचं धाडसही व्हायचं होतं.

फेरतपासणीच्या बाटल्या बायकोने मांडीवर धरून नेल्या. मला तिने बसमध्ये वेगळ्या आसनावर बसवलं. या वेळी रस पास झाला. दाखला हातात आल्यावर बायकोने तो वाचला, वहिनीला दिला, वहिनीने वाचला, पुन्हा बायकोने घेतला. रुग्णालयाने मागणी पक्की केली. बाटलीवर दोघींची नावं छापून आली; त्याआधी कुणाचं नाव पहिलं घ्यायचं यावरून दोघींचं थोडं भांडण झालं, कारण प्रत्येकीला दुसरीचं आधी हवं होतं. बायकोने ती पहिली बाटली हातात धरून इतका वेळ पाहिली, की मला भीती वाटली ती पडेल. पण ती पडली नाही. बाटली तिच्या हातात होती.

त्या संध्याकाळी पहिला पेला अर्थातच आईला दिला. आम्ही तिघं समोर उभे राहिलो. आईने एक घोट घेतला, तोंडात घोळवला आणि पेला खाली धरला.

"यात भेसळ आहे," आई म्हणाली.

वहिनी छताकडे बघायला लागली. बायकोने माझ्याकडे पाहिलं.

"आई, तपासून आणलाय," मी म्हणालो.

"मग तपासणारा आंधळा आहे. आधीचा कसा दाट होता. याला अंगच नाही. काहीतरी काढून घेतलंय किंवा काहीतरी घातलंय."

इथे मी गप्प राहू शकलो असतो. पण बायकोचा चेहरा उतरला होता, आणि आई उद्या सूक्ष्मदर्शकांना बोलावून हेच सांगणार, ते सगळ्या जिन्याला सांगणार, हे मला दिसत होतं. मी फ्रिजचा दांडा शोधला, तो लांब होता, म्हणून आईच्याच खुर्चीची पाठ धरली.

"आई, आधीच्या रसात द्राक्षं होती."

"होतीच ना. मीच घालत होते," आई म्हणाली. तिच्या आवाजात अभिमान होता. "नासू द्यायची होती? आणि भेसळ म्हणजे चांगल्यात वाईट घालणं. मी चांगल्यात चांगलं घातलं. त्याला स्वयंपाक म्हणतात." मग तिने दोन्ही सुनांकडे डोळे वळवले. "पण तुला सांगितलं कोणी?"

"कोणी नाही. यंत्राला कळलं."

"कसल्या यंत्राला?"

मी सांगितलं. एक थेंब काचेवर ठेवतात. मग रसातलं सगळं वेगळं होतं, जे जे घातलं असेल ते आपापल्या जागी उभं राहतं. साखर कुठली तेही कळतं, पाणी कुठलं तेही कळतं. मला वाटलं होतं आई हसेल, नाहीतर रागावेल. ती ऐकत गेली आणि ऐकता ऐकता तिने पेला टेबलावर ठेवला.

"पाणीसुद्धा?"

"पाणीसुद्धा. झाडाचं की नळाचं."

आईने खालच्या आवाजात विचारलं, "अजून काय काय कळतं रे त्याला?"

आईला घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून ओळखायला मला वेळ लागला. हा चेहरा मी रोज दाढी करताना आरशात पाहतो, पण तिचा तो कधी नव्हता. आम्ही सगळेच तिला भीत आलो. आणि मला एकाएकी आमचं जुनं घर आठवलं. वडिलांचा पगार बेताचा, खाणारी तोंडं पुष्कळ, त्यात येणारेजाणारे. महिनाअखेरीला शेजारी उसनं मागायला यायचे, पण आमच्या घरात दूध कधीही कमी पडलं नव्हतं. प्रत्येकाला पेलाभर मिळायचं, महिनाअखेरीला जरा पातळ. आईचा तो लौकिकच होता, आणि तो कधी कुणी तपासला नव्हता.

बायको आणि वहिनी, दोघींनी दुधाचा तो लौकिक ऐकलेला होता, त्यांनाही ते कळलं असावं. वहिनीने पदर तोंडाशी नेला.

"फक्त फळांचं कळतं, आई," मी म्हणालो. "बाकी कशाचं नाही."

हे साफ खोटं होतं. त्या सगळ्या प्रकरणात मी बरंच खोटं बोललो, पण न घाबरता बोललेलं तेवढं एकच. आईने माझ्याकडे निरखून पाहिलं, मग पेला उचलला आणि उरलेला रस सावकाश संपवला. तांब्यातलं थोडं पाणी तिने पेल्यात घातलं, तो गोल फिरवून विसळला आणि तेही पिऊन टाकलं.